डावीकडची ओढ

गवत कापायच्या त्या गाडीला स्टिअरिंग नव्हतं. दोन दांडे होते. डावा मागच्या डाव्या चाकाचा, उजवा उजव्याचा. दोन्ही अडेपर्यंत पुढे रेटले की गाडी सरळ जायची. एक पुढे, एक मागे केला की जागच्या जागी गर्रकन फिरायची. पण एखादं चाक किंचितही हळू पडलं, तर त्या बाजूला वळत जायची. विद्युलताने अंबत्तूरच्या आपल्या छोट्या कारखान्यात तिचं डिझाइन केलं होतं, आणि तिचा नवरा व्यासराज ती चालवून बघायचा.

गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात एकत्र शिकत असतानाच दोघांनी ठरवलं होतं, की ज्याने यंत्र बनवलं त्याने चाचणीला बसायचं नाही. बनवणाऱ्याचा हात यंत्राला नकळत सांभाळून घेतो, आईने लेकराला घ्यावं तसा. म्हणून तो चालवायचा आणि ती टेप घेऊन गवतातले पट्टे मोजायची.

उन्हाळ्यात गाडी डावीकडे ओढू लागली.

"नेरा जाईना ही," व्यासराज उतरून म्हणाला. तंजावरकडच्या मराठी घरातला तो; सरळला त्यांच्याकडे तमिळमधलं नेराच म्हणत, आणि सांगलीची विद्युलता त्यावरून त्याला एरवी चिडवायची. त्या दिवशी तिने चिडवलं नाही. टायरमधली हवा तपासली, इंजिनचा पट्टा ताणला, डावं चाक फिरवणारा तेलाचा पंप बदलला. ओढ जाईना. शेवटी उजवा दांडा जिथे अडतो तो स्क्रू तिने थोडा अलीकडे घेतला. उजवं चाक तेवढंच मंदावलं आणि पट्टे सरळ झाले. काही आठवड्यांनी पुन्हा ओढ. पुन्हा स्क्रू.

मग गाडी घ्यायला क्रिकेटच्या मैदानावरचा कृष्णस्वामी आला. तो बसला, दांडे रेटले, आणि गाडी उजवीकडे वळत वळत थेट कुंपणाशी गेली. त्याला हसू आवरेना.

"मेडम, तुमच्या जोडीतला उजवा बैल आळशी आहे."

व्यासराजही हसला, जरा जास्तच मोठ्याने.

कृष्णस्वामीला उद्या यायला सांगून विद्युलता नियम मोडून स्वतः गाडीवर बसली. तिच्याही हातात ती उजवीकडे गेली. तिने उतरून स्क्रू मूळ जागी नेला, पलीकडच्या पाण्याच्या टाकीवर नजर लावली आणि दोन्ही दांडे अडेपर्यंत रेटले. टोकाला पोचून मागे पाहिलं. पट्टा फूटपट्टीने आखल्यासारखा होता.

ती इंजिन बंद करून तिथेच बसून राहिली. यंत्रात दोष नव्हता. कधीच नव्हता. उन्हाळाभर ती मोजत होती तो व्यासराजचा डावा हात. तो पुढपर्यंत पोचत नव्हता, आणि तिने उजव्या चाकाला त्याच्याएवढं दुबळं करून ठेवलं होतं. शर्ट सोडून तो बिनबटणांचे टी-शर्ट घालू लागला तेव्हा तिला वाटलं होतं, उकाड्यामुळे. दर वेळी स्क्रू आधीपेक्षा जास्त फिरवावा लागला होता. हा उतार कुठे जातो ते कळायला तिला आलेख काढायची गरज नव्हती.

व्यासराज चालत आला आणि गाडीला टेकून उभा राहिला.

"स्क्रू होता तसा ठेव ना," तो म्हणाला. "मी बसेन तेव्हापुरता."

"उद्या गाडी जाणार."

"मग दुसरी कर. तिच्यातही दोष काढू आपण."

तिला खरोखरच एक दोष हवा होता. वाकलेली सळी, गळणारा पंप, बाजारातून नवं मागवता येईल असं काहीही.

"केव्हापासून माहीत आहे तुला?" तिने विचारलं.

"पंप बदललास तेव्हापासून. पण तू इतक्या खात्रीने गाडीलाच नावं ठेवत होतीस. ऐकून बरं वाटायचं. म्हटलं, होंदे, चालू दे तसंच."

"गाडी बरोबर आहे, व्यास." ती गाडीवरून खाली उतरली. "डॉक्टरकडे जाऊ. आजच."

ती कारखान्याला कुलूप लावेपर्यंत तो रोज पुढे होऊन, हेल्मेट घालून स्कूटरवर तयार असायचा. त्यासाठी त्याला किती खटपट करावी लागते हे तिने कधी पाहिलं नव्हतं. आज तो थांबला. हेल्मेट डोक्यावर ठेवलं, पट्टा तसाच लोंबू दिला, आणि तिच्यासमोर येऊन हनुवटी वर केली.

तिने दोन्ही टोकं धरली. क्लिप बसायला वेळ लागला. तिच्याच बोटांना ती सापडत नव्हती.