पेटीत बसलेले दादा

तांब्याच्या दांड्याचा तिसरा टोला बसला आणि मेलेली कॉम्प्युटरची पेटी जिवंत झाली. पंखा घरघरला, हिरवा दिवा लागला, पडद्यावर पांढरी अक्षरं सरसरत वर गेली. छापखान्यातल्या आम्हा पंधरा माणसांनी एकदम श्वास आत ओढला. दारात आणि खिडक्यांच्या गजांना लोंबकळून आणखी चाळीस-पन्नास माणसं होती. रस्त्यावरची रहदारी थांबली होती.

"अहो, तुम्हीच ना?" थोरल्या वहिनींनी हंबरडा फोडला.

"विचारा, विचारा," वीजबाबा म्हणाला. "पण जपून. ताजा आत्मा आहे. व्होल्टेज जास्त आहे."

वहिनींनी पेटीपुढे हात जोडले, तेवढ्यात पंखा थांबला आणि दिवा विझला. "रागावले," बाबा म्हणाला. गर्दीतून "अरेरे" असा आवाज गेला.

या गोष्टीला पंचवीस वर्षं होऊन गेली. मी तेव्हा त्या छापखान्यात प्रूफं तपासायचे. आजही शाईचा वास आला की मला ती लांबट खोली दिसते: एका टोकाला मशीन, मध्ये बाइंडिंगची टेबलं, खिडकीपाशी कॉम्प्युटर. चांगली माणसं होती तिथली. ही गोष्ट सांगायची तर ते आधी सांगितलंच पाहिजे, कारण त्या दिवशी त्यांनी जे केलं ते वाईट माणसांनी केलं असं समजलात, तर तुम्हाला काहीच कळलं नाही.

आमचे मालक, म्हणजे दादा, थोरल्या वहिनींचे यजमान, महिन्यापूर्वी त्या कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत कोसळले होते. समोरच्या डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. आठ दिवसांनी त्यांच्या भावाने, म्हणजे धाकट्या मालकांनी, कॉम्प्युटरचा मदरबोर्ड, सगळं ज्यावर जोडलेलं असतं ती आतली पाटी, बदलायचं काढलं. जुना रडतखडत चालायचा. नवा लहानसा बोर्ड आणला आणि बसवायला दिला आमच्या फिटरला. त्याला सगळे पैलवान म्हणायचे. छपाईचं मशीन तो डोळे मिटून उघडायचा आणि जोडायचा. त्याचा एकच कायदा होता: जेवढं काढलं तेवढं परत बसलं पाहिजे. हातात एक नट उरला तरी मशीन सुरू करायचं नाही. असाच एक विसरलेला नट रोलरमध्ये जाऊन एकाचा अंगठा गेला होता, तेव्हापासूनचा हा कायदा.

बोर्ड बसला, आणि पेटीचं तंत्र बिघडलं. बटण दाबलं की दिवा लागे आणि विझे. मग अर्ध्या मिनिटाने कुणी हात न लावता लागे, पुन्हा विझे. आमची कॉम्प्युटरची ऑपरेटर तिशीतली होती, हुशार आणि तोंडाची फटकळ. ती म्हणाली, "पैलवानकाका, बोर्ड खाली कुठेतरी टेकतोय. उघडून बघू या."

पैलवान दुखावला. "एक स्क्रू उरलेला नाही, ताई. झडती घे हवी तर."

तो खरं बोलत होता. तिथेच सगळं घोडं अडलं.

मग कुणीतरी म्हणालं, दादांना बदल आवडला नसेल. दुसरं कुणी म्हणालं, पेटी लागते ती त्यांच्या यायच्या वेळेलाच. आणि आठवड्याच्या आत यंत्रातली भुतं काढणारा वीजबाबा दारात हजर. हातात तांब्याचा दांडा, पायात जाड रबरी चपला, बरोबर स्वतःची लाकडी फळी.

"मदरबोर्ड!" त्या तीन टोल्यांनंतर पेटीभोवती फिरत तो म्हणाला. "मदर म्हणजे कोण? आई. आईला घराबाहेर काढलंत आणि सावत्र आणून बसवलीत. मग लेकरू रुसणार नाही?"

मी जन्मभर लोकांची भिकार वाक्यं सुधारली, पण हे वाक्य कुठून सुधारायला घ्यावं ते मला कळेना. ऑपरेटर मात्र खळखळून हसली.

"बाबा, सावत्र आईचं नंतर बघू. आधी प्लग काढून पेटी उघडू द्या."

"प्लगला हात लावायचा नाही! जीव आहे त्यात!" बाबा कडाडला आणि तिच्याकडे रोखून पाहत राहिला. मग आवाज खाली आणून वहिनींना म्हणाला, "मालक आपल्या मरणाने गेले नाहीत. इथल्याच कुणीतरी केलंय. पेटी दाखवेल."

एकेकाने फळीवर उभं राहून पेटीच्या पत्र्याला हात लावायचा, ज्याने केलं त्याला पेटी झटका देईल, अशी परीक्षा ठरली. धाकटे मालक, पैलवान, बाइंडिंगच्या बायका, मी. कुणाला काही झालं नाही. शेवटी ऑपरेटर पुढे आली.

"हिने हसून जागा बाटवली," बाबा म्हणाला. "हिला फळी नाही. चप्पल काढ. जमिनीवर पाणी टाका, हातही ओले करा."

बादली ओतली. तिने खांदे उडवले, पत्र्याला हात लावला, आणि किंचाळून मागे फेकली गेली. टेबलाचा कोपरा तिच्या कपाळाला लागला.

पहिली थप्पड वहिनींची. "माझा नवरा खाल्लास!" मग बायकांनी केस धरले. कुणी कमरेत लाथ घातली, कुणी लाकडी पट्टी तिच्या पाठीवर मोडेपर्यंत मारली. खिडकीतून उड्या मारून अनोळखी माणसं आत आली आणि तिला ओळखत नसतानाही मारू लागली. तिचा ओठ फाटला. टेबलावरच्या माझ्या प्रुफांवर रक्ताचे थेंब पडले.

"बोल, काय केलंस माझ्या भावाला?" धाकटे मालक ओरडले.

"याच बोटांनी ती पेटीशी बोलायची," बाबा म्हणाला. "बोटं बोलती करा."

बाइंडिंगचा शिकंजा होता, पुस्तकांच्या गठ्ठ्यांवर लोखंडी पाट दाबणारा, चाकाचा. दोघांनी तिचा उजवा हात त्यात धरला. चाकावर पैलवान होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. दादांनी त्याला सख्ख्या भावासारखं वागवलं होतं.

"कबूल कर, ताई. सुटशील."

"काय कबूल करू, काका? मी काही केलंच नाही!"

त्याने चाक फिरवलं. पेन्सिल मोडावी तसा आवाज आला. एकदा, लगेच दुसऱ्यांदा. तिची किंकाळी अजून माझ्या कानात आहे.

मी गप्प होते. भिंतीला पाठ लावून, हातात कागद धरून मी पाहत होते.

पण माझ्या नजरेला एक खोड होती. मूळ प्रत आणि छापील प्रत समोरासमोर धरायची आणि फरक कुठे ते शोधायचं. चौदाजण फळीवर, कोरड्या हातांनी. एकटी ओल्या जमिनीवर, अनवाणी. आणि हा बाबा, त्या ओलाव्याला वळसा घालून उभा, रबरी चपलांतसुद्धा.

पैलवानाचा हात दुसऱ्या पिळासाठी चाकाकडे गेला, तेव्हा मी चपला भिरकावल्या, ओल्यात उभी राहिले, हात भिजवला आणि पत्र्यावर ठेवला. कोपरापर्यंत मुंग्यांचं वारूळ फुटलं.

"मलाही झटका लागला!" मी ओरडले. "घाला माझीही बोटं! तीस वर्षं मी दादांच्या शुद्धलेखनाच्या चुका झाकल्या, माझं काय वैर होतं त्यांच्याशी?"

सगळे थबकले.

"आता बाबांनी लावावा हात. चपला काढून, ओल्यात उभं राहून."

"आमच्या देहाला जमीन वर्ज्य आहे," बाबा मागे सरकत म्हणाला.

वहिनींनी डोळे पुसले. "काढा," त्या म्हणाल्या.

पैलवानाने चाक सोडलं, बाबाला मानगुटीला धरून उचललं, तशा चपला गळून पडल्या. त्याला ओल्यात उभं करून त्याचा पंजा पत्र्यावर दाबला.

"मेलो! सोडा! अर्थिंग नाहीये याला, मूर्खांनो!"

कुणीही हसलं नाही.

"म्हणजे याला ठाऊक होतं," एक बाई हळूच म्हणाली.

मग ते त्याच्यावर तुटून पडले. त्याचाच दांडा, त्याचीच फळी. दातांचा चुरा झाला, एक कान लोंबायला लागला. मी "थांबा" म्हणून ओरडत होते, पण तेच हात आता उलट दिशेने फिरत होते, आणि त्यांना दिशेशी कर्तव्य नव्हतं. शेवटी मी त्यांचा नाद सोडला आणि शिकंज्याचं चाक दोन्ही हातांनी उलटं फिरवलं.

"प्लग," ऑपरेटर पुटपुटली. "आधी प्लग काढा, बाई."

मी प्लग उपटला. समोरचे डॉक्टर धावत आले आणि बाबाच्या अंगावर आडवे पडले. "मेला तर सगळे आत जाल," ते ओरडले, तेव्हा कुठे हात थांबले. पुढे पोलिसांना कळलं, हा बाबा अकरा वर्षं विजेच्या मोटारी दुरुस्त करायच्या दुकानात होता. पेटीला हात लावताच त्याला आमच्याकडचं अर्थिंगचं दुखणं समजलं होतं.

डॉक्टरांनी तिची दोन बोटं बांधली आणि दवाखान्यात चल म्हणाले. ती उठेना.

"आधी पेटी उघडा. सगळ्यांसमोर. नाहीतर उद्या हे दुसरी कुणी शोधतील."

पैलवानाने झाकण काढलं, बोर्ड बाहेर घेतला. मी जुना बोर्ड आणून नव्याशेजारी ठेवला आणि भोकं मोजली. जुन्याला नऊ. नव्याला सहा. बोर्ड पत्र्याला टेकू नये म्हणून तो बारक्या पितळी खुंट्यांवर बसवतात. पेटीत खुंट्या नऊच्या नऊ होत्या. आणि तीन मोकळ्या खुंट्यांत पैलवानाने उरलेले तीन स्क्रू घट्ट पिळून ठेवले होते. उरू नयेत म्हणून! त्या स्क्रूंची डोकी बोर्डाच्या पाठीला टोचत होती. तिथे काळा डाग पडला होता. चिकटलं की पेटी बंद, दांड्याचा टोला बसून बोर्ड हलला की चालू.

"काका, इथे उरवायचे असतात," ती म्हणाली.

पैलवान खाली बसला. "मला कुणी सांगितलं नाही गं."

"मी सांगत होते."

मग मी प्लग वर धरला. त्याची तिसरी, जाड पिन मुळापासून कापलेली होती. तीच पिन गळती वीज जमिनीत नेते. ती नसली की वीज माणसातून जाते.

"भिंतीत दोनच भोकं होती," धाकटे मालक खालमानेने म्हणाले. "बसत नव्हता म्हणून मीच कापली."

तीन खुंट्या काढल्या. मशीनच्या तीन भोकांच्या सॉकेटपासून तीन पिनांची वायर ओढून लावली. मी पुन्हा ओल्यात उभी राहून पत्र्याला हात लावला. काही नाही. बटण दाबलं, पेटी सुरू झाली आणि सुरूच राहिली.

"म्हणजे हे नव्हतेच यात?" वहिनींनी विचारलं.

"नव्हते, वहिनी," ऑपरेटर म्हणाली. तिच्या हनुवटीवरचं रक्त अजून ओलं होतं. वहिनी तिच्या पायांशी बसून रडल्या. महिन्याभरात नवऱ्यासाठी त्या पहिल्यांदा तशा रडल्या.

ऑपरेटरने तक्रार दिली, सगळ्यांविरुद्ध. यादी सांगताना ती माझ्यापाशी थांबली. मी म्हणाले, "माझंही नाव घाल. पहिल्या पिळाला मी गप्प होते." तिने घातलं. तिची दोन बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. नंतर ती दुसरीकडे आठ बोटांनी टाइप करायची, आणि आमच्या दहा बोटांपेक्षा भरभर.

वाचणाऱ्यांना माझं सांगणं साधं आहे. यंत्र वेडंवाकडं वागलं तर त्याला कारण असतं, आणि कारण शोधायला माणूस मारावा लागत नाही. जो म्हणतो उघडू नका, मोजू नका, प्लग काढू नका, त्याला विचारा का. एकाला फळी आणि दुसऱ्याला पाणी का, तेही विचारा. पण लगेच विचारा. मी उशीर केला. त्या पेटीच्या झाकणाला चार स्क्रू होते, आणि पैलवानाला ते काढायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत.