सरदारांच्या कपाटातली मागची रांग

श्रीरंगच्या विरारच्या फ्लॅटमध्ये सरदारकीचं उरलंसुरलं वैभव म्हणजे पणजोबांचं पुस्तकांचं कपाट. "पणजोबा चार भाषा वाचायचे!" हे तो येईल-जाईल त्याला ऐकवायचा. आता जवळच्याच नंदाखाल गावातल्या नव्या संग्रहालयात पणजोबांच्या नावाची खोली व्हायची होती. तिथे काम करणाऱ्या ज्ञानदाने येऊन पुस्तकं पाहायची, एवढंच बाकी होतं.

ती यायची त्या सकाळी श्रीरंगने पुढच्या रांगेतले चामडी बांधणीचे इंग्रजी ग्रंथ जन्मात पहिल्यांदा उघडले. पानं कडेला एकमेकांना जोडलेलीच! त्या काळी विलायती पुस्तकं अशीच यायची. वाचणाऱ्याने कडा कापत पुढे जायचं. पणजोबा पहिल्या पानापुढे सरकलेच नव्हते.

घराण्याची अब्रू वाचवायला पठ्ठ्याने शेजारच्या आग्नेसकडून पाव कापायची सुरी आणली आणि सपासप पानं मोकळी केली. मागच्या रांगेतली कळकट मराठी पुस्तकं रद्दीसाठी बाल्कनीत टाकली. पाहुणीसमोर शोभा नको.

ज्ञानदाने पहिल्याच ग्रंथाच्या पांढऱ्याफेक कडांवरून बोट फिरवलं. "सरदारांनी आजच वाचलेला दिसतोय!"

"सुरी अजून ओट्यावर आहे," श्रीरंगची बायको विनया हसू दाबत म्हणाली.

"अहो, न कापलेलीच हवी होती," ज्ञानदा म्हणाली. " कोण मिरवायला घ्यायचं नि कोण वाचायचं, तेच तर आम्ही शोधतो."

खोली हातची गेली, श्रीरंगला वाटलं. त्याला फार वाईट वाटलं. तेवढ्यात ज्ञानदाची नजर बाल्कनीत गेली आणि ती तिथेच फरशीवर बसली. नाटकं, कादंबऱ्या, पानांवर हळदीची बोटं, खुणेला केसांचे आकडे.

"ही कुठे होती?"

"त्याच कपाटात. मागे."

"म्हणजे तुमच्या पणजी ग्रंथांआड लपवून वाचत होत्या! खोली त्यांच्याच नावाने करू. नाव काय त्यांचं?"

सात पिढ्यांचे सरदार घडाघडा म्हणणारा श्रीरंग डोकं खाजवू लागला. "घरात सगळे... बाईसाहेबच म्हणायचे."

विनयाने श्रीरंगच्या साताऱ्याच्या आत्याबाईंना फोन लावून स्पीकरवर टाकला. श्रीरंगने पणजींचं नाव विचारलं.

"चिमा," आत्याबाई म्हणाल्या. "मला वाचायला तिनेच शिकवलं रे. सरदारांना सांगू नकोस म्हणायची. मी अजून कुणाला सांगितलं नव्हतं."