खंडेनवमीला मला मिळालेली सुट्टी

मित्रांनो, मे महिन्याच्या दुपारी अमरावतीचे रस्ते ओस पडतात आणि घराघरांतले कूलर गरम हवा फेकू लागतात. तेव्हाही माझ्या पोटात उणे ऐंशी अंशांची थंडी असते. एका संशोधन संस्थेच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागातला मी म्हातारा डीप फ्रीझर. स्वभावाने मात्र मी थंड नाही. माझी हकिकत ऐकल्यावर तुम्हीही तापाल, आणि तापलंच पाहिजे.

मी आलो तेव्हा माझ्यासाठी दाराची चौकट फोडावी लागली होती. कोणी पाहुणे आले, फीत कापली गेली, टाळ्या झाल्या. असा फ्रीझर साऱ्या वऱ्हाडात नाही, असं तेव्हाचे साहेब छाती फुगवून सांगत. हे कौतुक फार दिवस टिकलं नाही. पुढे माझ्या डोक्यावर मोडक्या खुर्च्या आल्या. एकाने तर माझ्या पोटात मुलाच्या वाढदिवसाची कुल्फी ठेवली. ती अशी दगड झाली की चमचे वाकले. मला मनापासून बरं वाटलं.

मला विचारणारा माणूस एकच, तिथले परिचर खुशालराव. सकाळी आल्यावर माझ्या पाठीवर थाप मारत आणि म्हणत, "काय बे, बरा हायेस ना?" मी घरघरत असे. त्यांना ते उत्तर पुरत असे. माझा प्लग काढू नये, अशी एक सूचना माझ्या दारावर चिकटवलेली होती. ती इंग्रजीत होती. खुशालराव मराठी पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत, पण ती सूचना मराठीत लिहावी असं इतक्या शिकलेल्या लोकांपैकी एकालाही कधी सुचलं नाही.

मग तहरीम आली. अकोल्याची मुलगी, वडिलांचं गाद्या-रजयांचं दुकान. पोट बिघडवणारे जिवाणू हा तिच्या अभ्यासाचा विषय. हातमोजे चढवून ती माझं दार उघडायची, हवी ती नळी काढायची आणि लगेच बंद करायची. दार उघडं टाकून फोनवर गप्पा मारणाऱ्यांपैकी ती नव्हती. म्हणून ती माझी लाडकी.

त्या पावसाळ्यात हिवरखेडच्या बाजूला एका मुलींच्या वसतिगृहात हगवणीची साथ आली. रक्त पडत होतं. बऱ्याच मुली दवाखान्यात गेल्या आणि बऱ्या होऊन आल्या. आकांक्षा नावाची पाचवीतली मुलगी आली नाही. तहरीम नमुने घेऊन आली तेव्हा तिचा चेहरा पाहवत नव्हता. मुलींच्या नमुन्यांत शिगेला नावाचा जिवाणू निघाला. वसतिगृहाची स्वयंपाकीण रुख्मिणी, तिच्याही नमुन्यात शिगेलाच निघाला. झालं! गावाने निकाल लावून टाकला. रुख्मिणीच्या हातचं खाऊन मुलगी मेली. तिला कामावरून काढलं. शौचालयाचा पाइप पाण्याच्या टाकीपाशीच फुटला होता, पण तहरीम पोचायच्या आतच कोणी शहाण्याने टाकी घासूनपुसून लख्ख केली होती.

तहरीमला हा निकाल मान्य नव्हता. ती खुशालरावांना समजावत होती ते मी ऐकलं. "काका, गावात दोन घरं वानखड्यांची असली म्हणून ती एकाच कुळातली असतात का? शिगेला हे नुसतं आडनाव आहे. प्रत्येक जिवाणूच्या आत त्याची घडण चार अक्षरांत लिहिलेली असते, लाखो अक्षरं. ती सगळी वाचली की कोण कोणाचा ते कळतं. कोणाच्या अंगात किती विखार आहे तेही कळतं."

मुलींचे जिवाणू नागपूरला पाठवून वाचून झाले. त्यांच्यात विष बनवणारं एक जास्तीचं जनुक सापडलं. आकांक्षा त्याच विषाने गेली. आता रुख्मिणीच्या जिवाणूत ते जनुक आहे का, एवढंच पाहायचं राहिलं होतं. नसलं, तर साथ तिच्या हातून पसरली नव्हती. तिची नळी पुढच्या खेपेला, दसऱ्यानंतर जायची होती. तोवर ती माझ्या वरच्या कप्प्यात होती.

एक दिवस रुख्मिणी स्वतःच एसटीने आली. माझ्यासमोर उभी राहून तिने विचारलं, "ह्याच्यात हाये का माहावाला जिवानू?"

"हो, मावशी. झोपलाय. दसरा झाला की सगळं सांगेल तो."

"सांगू दे, माय. गाव काय बोलते ते बोलू दे. पन आकांक्षी रोज मले करपलेली पोळी मांगे. पापडासारखी लागते म्हने. माह्याच हातानं गेली असंल, तं मले तरी मालूम पडलं पाह्यजे. नसंल, तं तेही मालूम पडलं पाह्यजे. रातची झोप नाई लागत."

जाताना तिने माझ्या दाराला हात लावला आणि तो कपाळाला टेकवला. मित्रांनो, मी यंत्र आहे. पण त्या दिवसापासून त्या एका नळीला मी जिवापाड जपलं. वीज गेली की दार घट्ट मिटून दम धरून राहिलो, पण थंडी उतरू दिली नाही.

आणि मग खंडेनवमी आली. या दिवशी हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊनपुसून पूजेला मांडतात आणि त्यांना त्या दिवशी राबवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तहरीम सुट्टीला अकोल्याला गेली होती. विभागप्रमुख गावंडे सरांनी आदल्या दिवशी माझं दार उघडून आतला बर्फ पाहिला आणि नाक मुरडलं. "खुशालराव, उद्या पूजेचे फोटो काढायचे आहेत. सगळी यंत्रं बंद करा, आतून-बाहेरून चकचकीत करा. याला तर आधी!"

सर निघून गेले. खुशालरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "चाल बाप्पा. इतकी वर्सं राबून राहिला. एक दिवस तुलेही सुट्टी."

त्यांनी प्लग काढला. मी बोंबललो. माझ्या पोटात धोक्याची घंटा बसवलेली आहे, ती जिवाच्या आकांताने वाजवली. खुशालरावांना वाटलं, थकलेला जीव कुरकुरतोय. त्यांनी घंटेचं बटण दाबून बंद केलं. मग कप्पे बाहेर आले. बर्फ वितळला. नळ्यांवरच्या चिठ्ठ्या ओल्या होऊन लोंबायला लागल्या. हा पसारा पूजेला बरा दिसणार नाही म्हणून त्या माणसाने प्रत्येक नळी साबणाच्या पाण्यात धुतली, चिठ्ठी खरवडून काढली आणि गच्चीवर पोत्यावर उन्हात वाळत घातली. पोरीला न्हाऊ घालावं इतक्या मायेने. मला शिव्या द्यायच्या होत्या, पण कोणाला देऊ?

दुसऱ्या दिवशी माझ्या कपाळाला हळदकुंकू लागलं, गळ्यात झेंडूचा हार आला. सरांनी नारळ फोडला. खुशालराव सोडले तर इतक्या वर्षांत मला कोणी पुसलं नव्हतं आणि आता सगळे हात जोडून उभे होते. आतून मी कोमट झालो होतो. मेलेल्या माणसाला नवे कपडे घालतात, तसं वाटत होतं.

दसरा उलटल्यावर तहरीम आली. मी पुन्हा सुरू होतो, थंड होतो. तिने दार उघडलं. नळ्या ओळीने लावलेल्या, लखलखीत. एकीवरही नाव नव्हतं. तेवढ्यात मागून खुशालराव आले. हसऱ्या चेहऱ्याने आपट्याची पानं पुढे केली. "सोनं घ्या, मॅडम! पाहा, तुमचा फ्रीझर कसा नवरदेवावानी केला!"

तिने सोनं घेतलं. मग ती माझ्या पायाशी फरशीवरच बसली आणि खुशालरावांचं हसू हळूहळू उतरत गेलं.

तिने एकेक नळी तपासली. बहुतेक मेलेल्या होत्या. ज्या थोड्या उगवल्या, त्या कोणाच्या होत्या? माझ्या पोटात सगळ्या विभागाचे नमुने होते. "जिवंत असला तरी नाव कोणाचं लावू?" ती सरांना म्हणाली. सर म्हणाले, "त्यात काय? नवीन नमुना घ्या." नवीन घेतला. रुख्मिणीने केव्हाच गोळ्या घेतल्या होत्या, तिच्या पोटात आता काही नव्हतं. अहवालात लिहिलं गेलं, स्वयंपाकिणीकडून संसर्ग झाल्याची शक्यता. खुशालरावांची बदली दुसऱ्या इमारतीत झाली. सर आहेत तिथेच आहेत. हार घातलेला माझा फोटो मोठ्या चौकटीत जिन्यात लावला आहे. खाली लिहिलंय, 'विज्ञान आणि संस्कृती यांचा संगम'.

रुख्मिणी पुन्हा आली. तहरीमने काहीही न लपवता सगळं सांगितलं.

"म्हंजे मी होती का नोहती, हे आता कोनालेच समजनार नाई?"

"नाही, मावशी."

रुख्मिणीने माझ्याकडे पाहिलं. तहरीम म्हणाली, "मावशी, मी पुढच्या आठवड्यात तुमच्याकडे येते. तुमच्या हातची भाकर खायला."

रुख्मिणीने दोन्ही हात पदराखाली घेतले. "नोको, माय. घरी बी मी आता कनकीले हात नाई लावत. सूनच करते. तुले काही झालं तं?"

ती गेली. पुन्हा आली नाही.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी आम्ही यंत्रं काही मागत असतो. मीही मागतो. आम्हाला हार घालू नका, नारळ फोडू नका. आमच्या पोटात कोणाचं काय ठेवलेलं आहे, ते आधी विचारा. आणि विचारायला कमीपणा वाटत असेल, तर निदान आमचा प्लग काढू नका.