मुस्तकीमने बसवलेला सेन्सर

ब्रेक लागत नाही, ही तक्रार ललितने गॅरेजात येऊन, चहा घेता घेता केली असती तर मुस्तकीमला काही वाटलं नसतं. गाड्यांची गाऱ्हाणी ऐकण्यातच त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. पण ललित ते ट्रॅकवर बोलला, हेल्मेट काढता काढता, चारचौघांत. "आमच्या मुस्तकीमचा हात आता पहिल्यासारखा राहिला नाही," असं. आणि वर हसला. हसणाऱ्याचं काय जातं?

द्वारका चौकात मुस्तकीमचं गॅरेज होतं. मालेगावहून येऊन त्याने इथे ब्रेकच्या कामात नाव कमावलं होतं, आणि नाव म्हणजे काही पाटी नव्हे की पुसली गेली तर पुन्हा रंगवून घेता येईल. ललित त्याचा आयटीआयपासूनचा दोस्त. त्याची गुलाबाची पॉलिहाऊसं होती, घरी सगळं ठीक होतं, आणि शौक म्हणाल तर एकच: महिन्यातून एक-दोनदा शहराबाहेरच्या खासगी ट्रॅकवर आपली जुनी लाल गाडी जीव खाऊन पळवायची. त्या गाडीचा प्रत्येक नटबोल्ट मुस्तकीमच्या हाताखालून गेलेला. वजन कमी करायचं म्हणून ललितने तिचा बूस्टरही काढायला लावला होता. बूस्टर पायाला मदत करतो. तो नसला की गाडी थांबवायची सगळी मेहनत पायाची.

त्या बोलण्यानंतर मुस्तकीमने काय करायचं बाकी ठेवलं? पॅड बदलले, ऑइल बदललं, पेडलचा जोर ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर नवा टाकला, पुन्हा पुन्हा नळ्यांतली एअर काढली. ललितचं आपलं पालुपद तेच. "पेडल दगडासारखं लागतं रे, आणि गाडी थांबत नाही." गेल्या खेपेला तर शेवटच्या वळणावर गाडी सरळ टायरांच्या भिंतीवर गेली. बंपरवर निभावलं. ललित त्यावरही हसला, पण तोंडावरचा रंग उडाला होता.

"ठीक आहे," मुस्तकीम म्हणाला. "तुझंही नको, माझंही नको. मशीनलाच विचारू."

मशीन म्हणजे अंगठ्याएवढा सेन्सर. ब्रेकच्या नळीत टी-जोड टाकून तो बसवायचा, त्याची वायर एका छोट्या डबीला जोडायची, की ऑइलचा दाब क्षणाक्षणाला त्या डबीत नोंदला जातो. नंतर लॅपटॉपवर त्याची रेघ बघायची. दाब भरपूर असून गाडी थांबत नसेल तर दोष चाकाकडे. दाब चढून गळत असेल तर दोष मास्टरचा. तिसरं काही असू शकतं हे दोघांच्याही मनात आलं नाही.

मुस्तकीमने ते काम नव्या सुनेला सजवावं तसं केलं. तांब्याचे वॉशर कोरे, आटे हाताने फिरवून बघितलेले, जोडाखाली पांढरा कागद अंथरून तासभर ठेवला. ऑइलचा एक थेंब पडला नाही. मग एअर काढायला ललितच सीटवर बसला. ते नेहमीचंच होतं. सीझनचा नारळ फुटला की त्या सीटवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, पेडलला दुसऱ्या कुणाचा पाय लागू द्यायचा नाही, हा ललितचा नेम. मुस्तकीम या असल्या गोष्टींना मनातून हसायचा, पण दोस्ताचा नेम म्हणून पाळायचाही. तो गाडीखाली आडवा होऊन "दाब", "धर", "सोड" म्हणत राहिला आणि वरून ललित दाबत राहिला.

रविवारी ललित ट्रॅकवर जाऊन आला. सोमवारी सकाळी गाडी गॅरेजात लावली, आणि मुस्तकीमने डबी लॅपटॉपला जोडली तेवढ्यात ललितला फुलांच्या व्यापाऱ्याचा फोन आला. तो बोलत बोलत रस्त्यावर गेला.

मुस्तकीम रेघ बघत होता. प्रत्येक वळणाआधी दाब चढत होता आणि पस्तीसला जाऊन थांबत होता. गळत नव्हता, थरथरत नव्हता. नुसता पस्तीसला सपाट पडून राहत होता. एवढ्या दाबात सायकलवाला थांबेल, ट्रॅकवरची गाडी कशी थांबावी?

सेन्सर खोटा बोलत असेल, असं त्याला वाटलं. त्याने रस्त्याकडे पाहिलं. ललितची पाठ होती. मुस्तकीम गाडीत शिरला, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो नेम मोडून, आणि त्याने पेडल दाबलं. स्क्रीनवर नव्वद. पुन्हा दाबलं, धरून ठेवलं. नव्वद, जागचा न हलता.

सेन्सर बरोबर होता. मास्टर बरोबर होता. तो स्वतः तर शंभर टक्के बरोबर होता.

आणि मग त्याला ललितच्या बायकोची, शुभांगीवहिनींची गोष्ट आठवली. ईदला शिरखुर्मा खायला आल्या तेव्हा ललितची चेष्टा करत होत्या: "भावजी, यांची उजव्या पायातली चप्पल चालता चालता मागेच राहते. माणूस पुढे, चप्पल मागे." सगळे हसले होते. मुस्तकीम सगळ्यात मोठ्याने हसला होता.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भांडण तो जिंकला होता, आणि त्याला सीटवरून उठवत नव्हतं.

ललित परत आला तोवर मुस्तकीम कसाबसा बाहेर येऊन लॅपटॉप मिटून उभा होता.

"काय निघालं?"

"मास्टर," मुस्तकीम म्हणाला. "नवाच खराब आला होता. मी तपासायला पाहिजे होता. माझीच चूक." आयुष्यात पहिल्यांदा तो आपल्या कामाबद्दल खोटं बोलला, आणि तेही स्वतःच्या विरुद्ध. "गाडी राहू दे इथे. महिनाभर लागेल." महिन्यात वहिनींशी बोलता येईल, डॉक्टरला दाखवता येईल, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

ललितने मोठा श्वास सोडला. किती हलका झाला तो! "बघ, मी म्हणत होतो ना? मला तर स्वतःचीच शंका यायला लागली होती." मग त्याने मुस्तकीमच्या खांद्यावर हात ठेवला. "पण महिना नाही जमणार. रविवारी सीझनची शेवटची रेस आहे. पुण्याचा एक जण आहे, आज रात्रीच गाडी नेतो त्याच्याकडे. राग मानू नकोस. किल्ली दे."

आगीतून निघून फुफाट्यात. किल्ली मुस्तकीमच्या खिशात होती आणि खिसा त्याने वरून घट्ट धरला होता.

"ललित, मी खोटं बोललो. मास्टर चांगला आहे. ब्रेक चांगले आहेत. तुझा पाय कमी पडतोय."

"नाचता येईना अंगण वाकडं," ललित शांतपणे म्हणाला. "आत्ता कबूल केलंस, आणि आता माझ्या पायावर ढकलतोस? तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती रे."

खरं बोलायची वेळ होती तेव्हा आपण खोटं बोललो, आता खऱ्याची किंमत शून्य. मुस्तकीमने लॅपटॉप उघडून बॉनेटवर ठेवला, स्क्रीन सीटकडे करून. "बस. दाबून दाखव. मग किल्ली देतो. अल्लाकसम देतो."

ललित बसला. दाबलं. चौतीस.

"पूर्ण दाब."

"पूर्णच आहे." मानेच्या शिरा फुगल्या होत्या. छत्तीस. मग तेहतीस.

"सेन्सरच..." ललित म्हणाला आणि थांबला. त्याने आकड्याकडे पाहिलं. मग उजवा पाय बाजूला घेऊन त्याने डावा पेडलवर ठेवला. मुस्तकीमला वाटलं, नको, ते करू नको.

अठ्ठ्याऐंशी.

ललितने पुन्हा उजवा ठेवला. बत्तीस. पुन्हा डावा. पुन्हा उजवा. बाहेर द्वारकेचे हॉर्न चालू होते आणि आत तो माणूस एका पायावरून दुसऱ्या पायावर येत होता, काही तरी बदलेल म्हणून. मुस्तकीमने हातात पाना घेतला होता, का ते त्यालाही सांगता आलं नसतं. खोलायचं काय?

शेवटी ललितने दोन्ही हातांनी उजवी मांडी धरली आणि वरून रेटली.

"मुस्तकीम, मी पूर्ण दाबतोय रे. मला पूर्ण दाबल्यासारखंच वाटतंय."

स्क्रीनवर एकतीस होते. मुस्तकीम गाडीच्या दाराशी खाली बसला आणि त्याने ललितच्या गुडघ्यावर हात ठेवला. गुडघा थरथरत होता.

"हो," तो म्हणाला. "दाबतोयस तू. दिसतंय मला."