पंतांची खोलीवाली गाडी

बावन्नाव्या वर्षी बाईने घोडा पाळला की लोक आधी हसतात आणि मग काळजीने तिच्या नवऱ्याकडे बघतात. माझ्या नवऱ्याने, म्हणजे प्रबोधने, ही सहानुभूती गेली दीड वर्षं मजेत उपभोगली आहे. कोणाच्याही घरी गणपतीला गेलो की तो एक सुस्कारा टाकतो, आणि यजमानीणबाई त्याच्या पानात आणखी एक मोदक वाढतात.

मी मेधा. सिंगापूरच्या तांजोंग पगार भागात एका बँकेत कम्प्लायन्स बघते, म्हणजे दिवसभर लोकांना 'नाही' म्हणण्याचा पगार घेते. राहतो हौगांगला, अकराव्या मजल्यावर. इथे मांजर पाळायचं तरी आधी नियम वाचावे लागतात, त्यामुळे घोडा कॉजवेच्या पुलापलीकडे, मलेशियातल्या जोहोरमध्ये, सलमाबाईंच्या तबेल्यात. दर शनिवारी पहाटे वुडलँड्सच्या इमिग्रेशनच्या रांगेत उभी राहून मी त्याला भेटायला जाते. सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, माहेरी इतक्या वेळा गेली नाहीस.

सिंगापूरचा रेसकोर्स बंद झाला तेव्हा तिथल्या घोड्यांना घरं शोधणं चालू होतं. त्यात हा एक होता. शर्यतीतलं नाव 'लकी थंडर नाइन', आणि आयुष्यात एकही शर्यत जिंकलेली नाही. कपाळावर गंध लावल्यासारखा उभा पांढरा पट्टा, सावकाश चालणं, आणि कोणी घाई केली तर त्याच्याकडे तुच्छतेने बघणं. मी पहिल्याच दिवशी त्याला पंत म्हटलं आणि तो वळून बघता झाला. शर्यत न जिंकता इतका ताठ राहणारा प्राणी मला फार आवडला. खरं सांगायचं तर माझा जीव जडला.

यंदा मार्चमध्ये सलमाबाईंनी सांगितलं की तबेल्याच्या जमिनीचा करार महिनाअखेरीला संपतोय. त्या सगळे घोडे मेर्सिंगजवळ, समुद्राकाठच्या नव्या जागेत हलवणार होत्या. तीन तासांचा रस्ता. बाकीचे अकरा घोडे भाड्याच्या लॉरीत मुकाट चढले. पंत चढले नाहीत. पहिल्या दिवशी चार माणसांनी ओढलं, दुसऱ्या दिवशी सहा जणांनी. दुसऱ्या दिवशी ते चढायच्या फळीवर अर्ध्यातूनच मागच्या मागे उलटले आणि पुढचा उजवा गुडघा सोलून निघाला. लॉरीवाल्याने हात जोडले आणि पुन्हा येणार नाही म्हणून सांगितलं.

सलमाबाई कमी बोलणारी बाई. त्या दिवशी जखमेवर मलम लावताना त्या एवढंच म्हणाल्या, "मेधा, उत्तरेकडचा एक माणूस आहे. न चढणारे घोडे तो जागेवरून घेऊन जातो. कसे नेतो, कुठे नेतो, मी विचारत नाही. तूही विचारू नकोस."

महिनाअखेरीला तेवीस दिवस होते.

मी घरी येऊन प्रबोधला सांगितलं की आपण घोडा नेण्याची स्वतःची गाडी, म्हणजे ट्रेलर, घ्यायची, सलमाबाईंच्या पिकअपमागे जोडायची, आणि तीसुद्धा पुढे राहायला खोली असलेली. नव्या जागी माणसांना राहायची सोय नव्हती, जवळचं हॉटेल चाळीस किलोमीटरवर, म्हणजे खोली नसेल तर माझं जाणं दोन महिन्यांतून एकदा. शिवाय पंतांना माणसाची चाहूल असली की ते शांत राहतात, हे मला ठाऊक होतं. प्रबोधने चहाचा कप खाली ठेवला. नव्या गाड्यांच्या किमती त्याने फोनवर बघितल्या आणि कप पुन्हा उचलला, बहुधा हाताला काहीतरी आधार हवा म्हणून.

शेवटी ठरलं असं: लग्नाच्या पंचवीस वर्षांनिमित्त युरोपला जाण्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे, म्हणजे साठ हजार मलेशियन रिंगिट, त्यावर एक सेनही नाही. आणि निवड प्रबोध करणार. तो अकाउंटंट आहे. अडला हरी, मी होकार दिला.

आता इथे आमच्या लोकांचा एक गुण सांगायला हवा. आम्ही काहीही घेतलं तरी फ्लॅट घेतल्यासारखं घेतो. प्रबोधने एका रविवारात एकेचाळीस ओळींचा तक्ता केला. ओट्यावर तीन लिटरचा कुकर बसतो का. वाफ बाहेर जायला पंखा आहे का. सकाळचं ऊन कुठल्या बाजूने. ओले कपडे कुठे वाळणार. देव कुठे ठेवायचे. जोहोरमधल्या जुन्या गाड्यांच्या सात विक्रेत्यांना त्याने फोन केले आणि सातही जणांना विचारलं की बाथरूममधल्या पाण्याचा उतार बरोबर आहे का. घोड्याच्या गाडीतल्या बाथरूमचा उतार कधी कोणी विचारला नसावा, एकाने तर प्रामाणिकपणे स्वतः आंघोळ करून बघतो म्हणून सांगितलं.

तेवढ्यावर तो थांबला नाही. आमच्या ब्लॉकखालच्या व्हॉइड डेकवर, म्हणजे तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत, त्याने मास्किंग टेपने गाडीच्या खोलीचा पूर्ण आकाराचा नकाशा आखला. इथे पलंग, इथे शेगडी, इथे दार. आमची श्रिया युनिव्हर्सिटीतून आली तर आईबाप व्हॉइड डेकच्या फरशीवर शेजारी शेजारी आडवे, कूस बदलता येते का बघत. ती लिफ्टकडे वळत म्हणाली, "आय डोन्ट नो यू ऑल, ओके?" शेजारचे चिनी आजोबा मात्र खुर्ची ओढून बसले आणि पलंग खिडकीकडे सरकवा म्हणाले. प्रबोधने तो सरकवला.

दोन दिवस हिंडून त्याने गाडी पसंत केली. मला मान्य करायला हवं, मीसुद्धा हुरळले. पांढरीशुभ्र, एसी, सोफा, फ्रीज, गरम पाण्याचा शॉवर. अठ्ठावन्न हजार. मी सोफ्यावर बसून दार लोटलं आणि मला वाटलं, बास, सुटले. विक्रेता म्हणाला, घोड्याला दाखवा, चढला तर पैसे द्या. त्याला गिऱ्हाईक सोडायचं नव्हतं.

पुढच्या शनिवारी ती गाडी तबेल्यात आली. पंत फळीपाशी गेले. आत बघितलं. मग त्यांनी चारही पाय जमिनीत रोवले आणि अंगभर कापायला लागले. मी दोरी धरून होते, ते कापणं माझ्या हातापर्यंत येत होतं. एक तास आम्ही गाजरं दाखवली, गूळ दाखवला, गोड बोललो. सोललेला गुडघा पुन्हा ओला झाला तेव्हा मी दोरी सोडून दिली.

मग मी स्वतः मागच्या बाजूने चढून आत उभी राहिले. घोड्याच्या जागी उभी राहण्याची ती माझी पहिली वेळ, आणि ते कळल्यावर मला माझीच चीड आली. छत इतकं खाली की पंतांचे कान घासले असते. खिडकी नाही. पुढे भिंत, भिंतीपलीकडे सोफा. खोली ऐसपैस व्हावी म्हणून ज्याने कोणी ही गाडी बांधली त्याने घोड्याची जागा खाल्ली होती. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच. मी प्रबोधच्या हातातून तक्ता घेतला आणि घोडा कुठे आहे ते शोधलं. अडतिसाव्या ओळीत होता. 'मागची जागा: ठीक.'

प्रबोधने तक्ता माझ्याकडून परत घेतला आणि घडी घालून खिशात ठेवला. परतीच्या बसमध्ये तो म्हणाला, "माझी चूक झाली." मी म्हटलं, आपली झाली. सोफ्यावर मीही बसले होते.

त्याच दुपारी मी व्हॉइड डेकवरची जुनी टेप खरवडून काढली आणि नवी आखणी केली. यावेळी पहिल्यांदा पंत. नाकापासून शेपटीपर्यंत किती, वळायला किती, मान वर केली तर डोक्यावर किती, फळीचा चढ किती सौम्य हवा. सगळी मापं मला पाठ होती, दीड वर्षं मी त्याला खरारा करत होते. आखून झाल्यावर आजोबांनी उठून एक फेरी मारली आणि विचारलं, तुम्ही कुठे झोपणार? मी कोपऱ्यात उरलेली पट्टी दाखवली. ते म्हणाले, "कॅन." म्हणजे जमेल.

नवा तक्ता सहा ओळींचा झाला. उंची, उजेड, फळीचा चढ, जमीन, ब्रेक, आणि माणसाच्या खोलीतून घोडा दिसतो का. कुकर नव्हता. प्रबोधने तो स्वतःहून काढला, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं.

अशी गाडी एकच सापडली, आणि ती कोणी फुकटही नेली नसती असं वाटत होतं. विटकरी रंग उडालेला, एका अंगाला पोचा, एसी नाही, बाथरूम नाही. खोली म्हणजे एक फळकूट, एका बर्नरची शेगडी आणि हाताने दाबायचा पाण्याचा पंप. पण मागची जागा उंच होती, दोन्ही बाजूंना खिडक्या, आणि खोली व घोडा यांच्यामध्ये मोठा झरोका, सरकवला की पलीकडचं पूर्ण तोंड दिसावं असा. मी रबरी चटई उचलून खालच्या लाकडात स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघितला. एकही फळी कुजलेली नव्हती. मग मी तिथेच उड्या मारल्या. विक्रेत्याने प्रबोधकडे बघितलं आणि प्रबोधने तो नेहमीचा सुस्कारा टाकलाच नाही. त्याने टायरवरची तारीख वाचली, पाचही बदलायचे म्हणाला आणि भाव पाडायला लागला. एकतीस हजारांना मिळाली. टायर आणि ब्रेक नवे करूनही साठाच्या आतच.

महिनाअखेरीला नऊ दिवस राहिले होते. गाडी तबेल्याच्या कुरणात आणून उभी केली, मागची फळी उघडी टाकली आणि मी ऑफिसात रजा मागितली. कारण 'फॅमिली मॅटर' लिहिलं. साहेबांनी काही गंभीर आहे का विचारलं, मी आहे म्हटलं.

मी एकच गोष्ट ठरवली होती: कोणीही ओढायचं नाही. आपल्याकडे स्थळ बघायला जातात तेव्हा निदान चहापोहे होईपर्यंत कोणी बळजबरी करत नाही. पंतांना गाडी बघू द्यायची होती. पहिल्या दिवशी त्यांचं सकाळचं खाणं फळीपासून दहा पावलांवर ठेवलं. ते जेवले, गाडीकडे पाठ करून. दुसऱ्या दिवशी पाच पावलांवर. तिसऱ्या दिवशी फळीच्या टोकावर, तेव्हा मान लांब करून खाल्लं आणि पाय मात्र बाहेर. चौथ्या दिवशी पुढचे दोन पाय फळीवर आले, कुठेतरी पत्रा वाजला, आणि ते उधळले ते कुरणाच्या पार दुसऱ्या टोकाला. पाचव्या आणि सहाव्या दिवशी ते फळीजवळही आले नाहीत. सलमाबाईंनी मला फोन दाखवला. उत्तरेकडच्या माणसाचा निरोप होता, शुक्रवारी येतो. मी गाडीत जाऊन रडले, चांगली मोठ्याने. कुरणात पंत गवत खात होते.

सातव्या सकाळी माझ्यात गाजर धरून उभं राहायचंही त्राण नव्हतं. मी खोलीत गेले, झरोका सरकवला, कणीक मळली आणि पोळ्या करायला घेतल्या. प्रबोध दुपारी येणार होता, त्याच्यासाठी. लाटताना मी पंतांना शिव्या देत होते. शिष्ट आहेस, आळशी आहेस, एक शर्यत जिंकला नाहीस आणि मिजास बघा. पुष्कळ काही म्हणाले, आवाज चढवून म्हणाले. माझी पाठ झरोक्याकडे होती.

मागची फळी वाजली. मी वळले नाही. पुन्हा वाजली, मग रबरावर जड, सावकाश पाऊल, मग आणखी एक. माझे हात पोळपाटावर तसेच थांबले. मग माझ्या मानेवर गरम श्वास आला आणि खांद्यावरून एक लांबच लांब तोंड पुढे येऊन तव्याकडे बघायला लागलं.

ते चारही पायांनी आत उभे होते. सहा माणसांना जे जमलं नाही ते मला काय चाललंय एवढं बघायला त्यांनी आपण होऊन केलं. मी हळूच पोळीचा तुकडा मोडून तळहातावर धरला. त्यांनी तो घेतला आणि शांतपणे चघळत राहिले. मी कापत होते, ते नाही.

मग मी घाई केली नाही. दिवसभरात ते चार वेळा आत आले नि बाहेर गेले. पुढच्या दिवशी फळी लावून घेतली, उघडली, पुन्हा लावली. गुरुवारी सकाळी ते चढले, सलमाबाईंनी फळी बंद केली, पिकअप चालू केला आणि उत्तरेकडच्या माणसाला येऊ नकोस म्हणून कळवलं. प्रबोध पुढे सलमाबाईंच्या शेजारी बसला. मी भाड्याची छोटी गाडी चालवत मागून गेले आणि तीन तास त्या पोचा आलेल्या विटकरी पत्र्यावरून नजर हलवली नाही. श्रियाने बाजूला बसून एक शब्दही चेष्टेचा काढला नाही. मेर्सिंगच्या आधी एका वळणावर बाजूच्या खिडकीतून पंत दिसले, तेव्हा ती माझा हात धरून म्हणाली, "ही इज ओके लाह, मम्मा. लुक, ही इज ईटिंग."

नव्या जागेच्या व्यवस्थापकाला पंतांची कीर्ती आधीच कळलेली दिसली. त्याने दोर आणि चार माणसं तयार ठेवली होती. फळी उतरवली. पंतांनी समुद्राच्या दिशेने कान टवकारले, एकेक पाऊल मोजून टाकत खाली आले आणि तिथेच उभे राहून गवत तोडायला लागले. व्यवस्थापकाने चारही पाय हाताने चाचपून बघितले. घाम नाही, ओरखडा नाही, जुनी जखमसुद्धा कोरडी. त्याने प्रबोधला विचारलं, चढवायला किती माणसं लागली. प्रबोधने माझ्याकडे बोट केलं.

"एकही नाही," मी म्हटलं. "तो आपण होऊन चढला."

त्याला ऐकू आलं होतं, तरी त्याने पुन्हा विचारलं. मीही पुन्हा सांगितलं, आधीपेक्षा मोठ्याने, कारण मला ते वाक्य स्वतःच्या कानांनी आणखी एकदा ऐकायचं होतं.