चाखण्याची मुभा

रुहीनं थंड ताटलीवर जामाचा एक थेंब टाकला आणि ताटली तिरकी केली. जांभळट काळा थेंब जागचा हलला नाही.

"झाला," ती म्हणाली आणि तिनं गॅस बंद केला.

निखतनं मान हलवली, पण तिचा डोळा घड्याळावर होता. साडेपाच वाजले होते. इफ्तारला सव्वा तास होता आणि तेवढ्यात अरहान पौडला येऊन ठेपणार होता, रुहीला सूसला, सासरी, परत न्यायला. जावयाला बोलावणं निखतच्या नवऱ्यानं, अतीकनं धाडलं होतं. लेकीची बॅग मात्र निखतनं सकाळी स्वतःच्या हातानं भरली होती, कपड्यांच्या घड्या नीट घालून.

आठ दिवसांपूर्वी रुही एकटीच दारात येऊन उभी राहिली होती. थोडे दिवस राहू दे, अम्मी, एवढंच म्हणाली. भांडण झालं का, तर नाही. सासू काही बोलली का, तर नाही. अरहान काही बोलला का, असं विचारलं की ती उठून कपडे वाळत घालायला निघून जायची. निखतला आधी काळजी वाटली, मग राग यायला लागला. लग्नाला पुरती दोन वर्षं नाहीत. मुलगा कंपनीत चांगल्या नोकरीवर, स्वतःचा फ्लॅट, फोनवर कधी आवाज चढत नाही. आणखी काय हवं असतं माणसाला? बाजारपेठेत लोक विचारायला लागले होते आणि अतीकच्या हार्डवेअरच्या दुकानात गिऱ्हाइकं खिळे घेता घेता लेकीची चौकशी करत होती. आज रात्री ती आपल्या घरी गेली की सगळं सुरळीत होईल, असं निखतनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

तुती कालच कोळवणहून आली होती. तिथं शहरातल्या एका माणसाच्या फार्महाउसची राखण सगुणाबाई आणि तिचा नवरा करायचे. कुंपणाच्या कडेची तुतीची झाडं लगडली की ती मालकाला विचारून टोपलीभर तुती घेऊन एसटीनं पौडला यायची. त्या तुतीचा जाम करायचा, बरण्या ईदसाठी ठेवायच्या आणि थोडा नानकटाईच्या खळग्यांत भरून भाजायचा, हे या घरात रुहीच्या लहानपणापासून चाललेलं होतं. तुतीचा हंगाम रमजानात आला की सगुणाबाईकडं आणखी एक काम असे, चाखायचं. घरातले सगळे रोजात, मग गोड-आंबटाचा निकाल तीच द्यायची. डोळे मिटून, चमचा तोंडात धरून, एखाद्या परीक्षकासारखी उभी राहायची.

एरवी निखत अंदाजानं शिजवायची. तिच्या आईची, चाँदबीची शिस्तच तशी होती. रोजात जीभ लावायची नाही. ज्या बाईचा नवरा वाईट रागाचा आहे, जेवण बिघडलं तर तिची गय करणार नाही, तिला मात्र जिभेच्या टोकावर लावून थुंकून टाकायची मुभा आहे, अल्लाला तिची अडचण कळते, असं चाँदबी सांगायची. लग्नानंतरच्या पहिल्या रमजानात निखतनं हे अतीकला सांगितलं, तर तो हसून हसून बेजार झाला. मग तू आंधळंच शिजव, म्हणाला. एकदा खिम्यात मीठ दोनदा पडलं, तर गडी पाणी पीत पीत सगळा खिमा संपवून उठला. सव्वीस वर्षं झाली, दर रमजानात त्याचा एक तरी दिवस हाच विनोद ठरलेला. "आज चाखलं न्हाईस ना? मग मी चांगला नवरा हाय." निखतही दर वेळी हसायची.

फोन वाजला. सगुणाबाई होती, आज जाम चाखायला यायची होती ती.

"भाभी, गाडीच आली न्हाई बगा. फाट्यावर हुबी हाय मी. जीप मिळाली तर येते, पन सात वाजतील."

"या सवडीनं," निखत म्हणाली. फोन ठेवून ती नानकटाईच्या कणकेकडं वळली. "आज अंदाजानंच चालवायचं, रुही. सगुणाबाई काय येत न्हाई येळंला."

रुहीनं ते ऐकलं की नाही, कुणास ठाऊक. तिनं चमच्याच्या टोकावर जाम घेतला, फुंकर घातली, जिभेच्या शेंड्याला लावला, क्षणभर थांबली, लगेच मोरीत वाकून थुंकली, तीनदा चुळा भरल्या, ओढणीनं तोंड पुसलं आणि अर्धं लिंबू उचललं. कुठं अडखळली नाही, मान वर केली नाही.

निखतचे हात कणकेतच राहिले.

"हे काय केलंस?"

"काय?"

"चाखलंस."

"गिळलं नाही अम्मी. त्यानं रोजा मोडत नाही."

"ठाव हाय मला. तिकडं रोज चाखतीस?"

रुही लिंबाची बी चमच्यानं काढत होती. ती एक बी काढायला तिला फार वेळ लागला.

"गेल्या रमजानपासून. सासूबाईंनीच सांगितलं. म्हणाल्या, चाखून घेत जा, तुझ्या भल्यासाठीच सांगते."

तिनं एवढंच सांगितलं आणि कणकेचा गोळा हातात घेऊन अंगठ्यानं खळगा पाडायला लागली. निखतला आईची आठवण आली, मुभा कुणाला असते हे तिचं सांगणं आठवलं. आठ दिवस ती लेकीला नको ते विचारत बसली होती, आणि सकाळी बॅगही भरून मोकळी झाली होती. तिला स्वतःची लाज वाटली. पोरीला जवळ घ्यावंसं वाटलं, पण आत्ता हात लावला तर ती कोसळेल आणि अरहान दारात येईल, या भीतीनं ती जागेवरच राहिली. अतीकला फोन लावला, तो उचलला गेला नाही. दुकान बंद करायची घाई असणार.

नानकटाई ओव्हनमधून निघाली, तेव्हा अतीक आणि अरहान दोघं बरोबरच आले. वाटेत दुकानावरच भेट झाली होती. अरहाननं वाकून सलाम केला, खजुराचा डबा निखतच्या हातात दिला, तब्येत विचारली. निखतनं त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं. त्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं. अतीक मात्र खुशीत होता. नवऱ्याला बाजूला घ्यायला तिला सवड मिळाली नाही आणि अजान झाली.

खजूर झाला, पाणी झालं. अरहाननं नानकटाईचा एक घास घेतला आणि हसला.

"छान आहे. जरा आंबट झालाय जाम."

रुहीचा हात झटकन पुढं आला आणि ताट आपल्याकडं ओढायला लागला. कुणी काही म्हटलं नव्हतं.

"आंबट कुटला? बरोबर हाय की," अतीक म्हणाला. "सगुणाबाईच्या जिभेला तोड न्हाई."

"सगुणाबाई आली न्हाई," निखत म्हणाली. तिनं नवऱ्याकडं सरळ पाहिलं. "रुहीनं चाखला. तिकडं ती रोजच चाखती म्हनं."

"रुहीनं?" अतीक हसायला लागला. ठरलेला विनोद तोंडाशी आला असावा. मग तो थांबला. त्यानं निखतकडं पाहिलं, रुहीकडं पाहिलं, ताटाच्या काठावरच्या तिच्या बोटांकडं पाहिलं. हातातली अर्धी नानकटाई त्यानं बशीत ठेवली.

"अब्बा, नमाज झाली की लगेच निघावं म्हणतो," अरहान म्हणाला. "रस्त्याला ट्रक असतात. रुही, बॅग घे."

रुही उठली.

"बस गं," अतीक म्हणाला. आवाज मोठा नव्हता. "अरहानमियाँ, तुमी निघा. ती हितंच ऱ्हाईल."

"तुम्हीच तर बोलावलंत मला."

"व्हय. चुकलं माझं."

"अब्बा, बायको आहे ती माझी." अरहान अजून हसतच होता, पण शब्द एकेक करून आले.

"माझी लेक हाय. तुमच्या अब्बांशी मी उद्या येऊन बोलतो."

अरहाननं पुढ्यातली बशी बाजूला सारली. मग उठला, सलाम न करता चपला घातल्या आणि गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. तो आवाज बाजारपेठेच्या वळणापर्यंत तिघांनी ऐकला. रुहीनं ताट अजून धरूनच ठेवलं होतं.

दारात सगुणाबाई आली, धापा टाकत.

"आता काय उपेग माजा! चाखायचं ऱ्हायलंच की."

निखतनं तिच्या हातावर एक नानकटाई ठेवली. सगुणाबाईनं सवयीनं डोळे मिटले, सावकाश चावली आणि निकाल दिला.

"जरा आंबट हाय."

रुहीनं दचकून बापाकडं पाहिलं.

"असू दे," अतीक म्हणाला, आणि तिच्या पुढ्यातल्या ताटातली आणखी एक उचलली.