काटा हिरव्यावर होता

शपथेवर सांगतो, ही हकिकत शंभर टक्के खरी आहे. म्हणजे साधारण. मी एक पिंप आहे. मला तोंड एकच आणि तेही आभाळाकडे, त्यामुळे दिसलं कमी, ऐकू जास्त आलं. शिवाय ऐन वेळी मी पेटलेलो होतो.

माझा जन्म कारखान्यातला. पोटात तेल भरून मला जगात पाठवलं. तेल संपल्यावर जगाला माझी गरज उरली नाही, तेव्हा घड्याळवाल्या आजोबांनी मला घरी आणलं. छिन्नीने झाकण उडवलं, हवा खेळावी म्हणून खाली सहा भोकं पाडली आणि मला मागच्या अंगणात उभं केलं. काम एकच, पालापाचोळा जाळणं. गंजून त्या सहांची कधी अकरा झाली, कोणी मोजलं नाही. मी मोजली.

अंगणाच्या कुंपणापलीकडे वाळक्या गवताची टेकडी. टेकडीवर शाळा. शाळेत आजोबांची नात, दुसरीत.

आजोबांची सून वनखात्यात. कोपऱ्यावर वणव्याचा धोका दाखवणारी लाल-पिवळ्या-हिरव्या पट्ट्यांची पाटी आहे; वणव्याच्या दिवसांत तिचा काटा तीच फिरवते. लाल असेल तर बाहेर काहीही पेटवायचं नाही. पाचोळा नाही, शेकोटी नाही, पिंपातसुद्धा नाही. (माझा असा खास उल्लेख आहे. एवढा मान मला घरात कोणी दिला नाही.) पिवळा असेल तर आधी फोन करून विचारायचं, सकाळी नऊच्या आत उरकायचं, दोन बादल्या पाणी जवळ ठेवायचं आणि राख गार होईपर्यंत जागचं हलायचं नाही. हिरव्यावर फोन करावा लागत नाही, बाकी सगळं तेच.

आता हा पाटीचा काटा करकरायचा. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेल्या माणसाला करकरणारा काटा सहन होत नाही. एका दुपारी आजोबा गेले आणि घड्याळात घालायचं तेल त्यात घालून आले. आजीला म्हणाले, "आता बघ कसा लोण्यासारखा फिरतोय."

तो फिरला. प्रश्न एवढाच की तो वाऱ्यानेही फिरायला लागला.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला होता म्हणून सूनबाईंनी पहाटेच काटा लालवर केला. आजोबा साडेआठला पाटी बघून आले, तेव्हा तो हिरव्यावर होता. त्यांनी नियमाप्रमाणे दोन बादल्या भरून ठेवल्या आणि मला पेटवलं. पाच मिनिटांत फोन.

"बाबा, आपल्या घरामागून धूर का येतोय?"

"हिरवा आहे म्हणून."

"लाल आहे बाबा. मी स्वतः केलाय. आधी विझवा."

"मी स्वतः बघितलाय हिरवा. थांब, परत बघून सांगतो. मला काटा वाचायला शिकवू नकोस."

आणि ते निघाले. जळतं पिंप मागे टाकून, फोन कानाला लावून. हा फोन मी ऐकला नाही, पण तेव्हापासून घरात तो रोज कोणी ना कोणी करून दाखवतं, त्यामुळे पाठ आहे.

"हे बघ, हिरवा. थांब, पिवळा झाला. आता लाल. सूनबाई, परत हिरवा."

"बाबा, तुम्ही कुठे उभे आहात?"

"पाटीसमोर."

"आणि जाळाजवळ कोण आहे?"

गेल्या अकरा वर्षांत पळाले नव्हते, ते आजोबा पळाले.

इकडे माझ्या सातव्या भोकातून एक जळतं पान बाहेर सरकलं. मी धरून ठेवायला बघितलं, पण पिंपाला हात नसतात. कुंपणाजवळचं गवत चुरचुरलं, वारा टेकडीकडे होता, आणि वर पोरं पाढे म्हणत होती. तेराचा चालू होता. माझ्या पोटातल्या जाळापेक्षा त्या आवाजाने मला जास्त चटका बसला.

आजी कपडे वाळत घालत होती. तिने आरडाओरडा केला नाही. आजोबांनी भरून ठेवलेल्या बादल्या उचलल्या आणि एक गवतावर, एक माझ्यावर पालथी केली. त्यात तिने मघाशीच कपडे भिजत घातले होते. गवत साबणाच्या फेसात विझलं. मी आजोबांच्या ठेवणीतल्या पँटने विझलो.

आजोबा धापा टाकत आले. "विझलं का?"

"आग विझली. पँटचं सांगता येत नाही."

पाठोपाठ सूनबाई, पाठीवर पंप घेऊन. गवतावर आणखी पाणी मारलं, मग माझ्यात हात घालून राख चाचपली. गार. ती खालीच बसली. तेवढ्यात वरून चौदाचा पाढा ऐकू आला, आणि आजोबांनी डोळे पुसले.

"काटा कोणी सैल केला?" सूनबाईंनी विचारलं.

"सैल नाही, मोकळा केला," आजोबा म्हणाले. मग हळूच, "चुकलो गं."

आता काटा जागी अडकवायला खिटी आहे. करकरही परत आली. आजोबा पाटी बघतात, वर सूनबाईंना फोनही करतात, हिरवा असला तरी. पेटवत मात्र काही नाहीत. माझ्यात आता पाचोळा कुजतो, गांडुळं राहतात. माझी अकरा भोकं त्यांना फार आवडली. आयुष्यात पहिल्यांदा पोटाला गारवा आहे. एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

तर ऐकलंत ना सगळं? फुकट नाही हं. दोन टोपल्या वाळकी पानं आणून माझ्यात टाका. आणि खिशात वाजतेय ती काडेपेटी काढा. हो, तीच. इथे ठेवा, मग जा.